तांबड्या थराची विहीर: एका दगडाला दोन वयं कशी आली

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक आजोबा नातीला घेऊन घरी आले. होटगीच्या पुढं त्यांचं शेत. फेब्रुवारीपासून तिथं नवी विहीर काढणं चालू होतं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, हे त्यांना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलेलं. पाण्याचं काही विचारायचं असेल असं मला वाटलं, कारण सोलापुरात भूशास्त्र शिकवणाऱ्याच्या दारात लोक पाण्यासाठीच येतात. आजोबांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन दगड काढले, टेबलावर ओळीनं मांडले आणि शेजारी घडी घातलेला एक कागद ठेवला.

मुलगी नववीत गेलेली. बोलली तीच. "मॅडम, पुस्तकात लिहिलंय, दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांचा. आणि मामानं आमच्या विहिरीतला दगड लॅबला पाठवला, तर वय काही हजार वर्षं आलं. मला प्रदर्शनात 'आमच्या विहिरीचं वय' ठेवायचंय. खरं कुठलं लिहू?"

मी आधी कागद वाचला. प्रयोगशाळा परगावची आणि काम नीट केलेलं. नमुन्याच्या वर्णनात प्रयोगशाळेनं स्वच्छ लिहिलं होतं: कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. पद्धत रेडिओकार्बन. आकडाही त्या पद्धतीच्या आवाक्यातला. मोजमापात खोट नव्हती. गडबड पाठवलेल्या तुकड्यात आणि विचारलेल्या प्रश्नात होती. टेबलावरचा पहिला दगड त्याच तुकड्याचा उरलेला भाग होता: पिवळट करडा मुरूम, म्हणजे कुजलेला काळा दगडच, आणि त्याच्या भेगेत बोटभर जाडीची पांढरी चुनखडी. मी आतून अर्धं लिंबू आणलं आणि त्या पांढऱ्यावर पिळलं. बारीक बुडबुडे आले. शेजारच्या करड्या भागावर पिळलं, तिथं काहीच झालं नाही.

"मोजलंय ते ह्या पांढऱ्याचं वय," मी म्हटलं. "काळ्या दगडाचं कुणी मोजलेलंच नाही."

आजोबा म्हणाले, "पण दोन्ही एकाच दगडात हाईत की."

त्या एका वाक्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितेय. दगडाचं वय विचारताना आपण धरून चालतो की दगड ही एक वस्तू आणि तिला माणसासारखी एकच जन्मतारीख. प्रत्यक्षात दगडात अनेक घटना साठलेल्या असतात आणि प्रत्येक पद्धत त्यातल्या एकाच घटनेची तारीख सांगते. आधी घटना ठरवायची, मग घड्याळ निवडायचं. हा क्रम उलटला की 'कार्बन टेस्ट करून टाका' असं होतं आणि असा कागद हातात येतो.

आजोबांना समजावायला मला लांब जावं लागलं नाही. त्यांच्याच तालुक्यात, भीमा आणि सीना जिथं मिळतात त्या हत्तरसंग कुडलला, संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. वाचणारा विजयी होईल अशा अर्थाची ती ओळ आजोबांना माहीत होती. महाशिवरात्रीला ते तिकडं जातात. मी विचारलं, "लेखाचं वय किती?" हजार वर्षं, ते म्हणाले. "आणि तो ज्या दगडावर कोरला, त्या दगडाचं?" आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग नातीकडं बघून म्हणाले, "दगड आधीचा. कोरायच्या आधी दगड लागतोच की."

विहिरीच्या आत

पुढच्या रविवारी सकाळी सहाला मी शेतावर पोचले. सोलापूरच्या मे महिन्यात नऊनंतर उघड्या कातळाजवळ थांबवत नाही. यारी उभी होती, आदल्या दिवशीच्या सुरुंगाचा डबर काठावर पडला होता आणि मिस्त्री चहा घेत बसले होते. विहिरी काढायचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. शिडीनं उतरताना त्यांनीच मला थर दाखवले, आणि त्यांच्या सांगण्यात मला दुरुस्त करण्यासारखं फारसं काही सापडलं नाही.

वर चार फूट काळी माती, कापसाची, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. तिच्या तळाशी चुनखडीचे खडे. मग मुरूम, साधारण बारा फुटांपर्यंत. मामानं उचललेला तुकडा इथला. त्याखाली काळा पाषाण, उभ्या सांध्यांनी फाटलेला, हातोडी मारली की घण्ण वाजणारा. तो अडतीस फुटांपर्यंत. त्यानंतर दीड फूट तांबडं. आणि तांबड्याच्या खाली मांजऱ्या दिसू लागला होता: भोकाभोकांचा खडक, भोकांत पांढरी खनिजं भरलेली.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती काळ्या पाषाणाच्या तळाशी, तांबड्याच्या जरा वर. तिथं पाषाणात पेन्सिलएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या होत्या, झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजानं भरलेल्या, आणि त्यांची वरची टोकं एकाच बाजूला कललेली. लाव्हा ओल्या जमिनीवर पसरला की खालून वाफ आणि वायू वर चढतात. लाव्हा सरकत असेल तर नळ्या त्याच्याबरोबर वाकतात, आणि लाव्हा थिजला की तशाच राहतात. मुलीनं नळीवर बोट ठेवलं. लाव्हा कुठल्या दिशेला सरकत होता हे तिच्या बोटाखाली होतं.

मग तांबडा थर. त्याच्या वरच्या दोन बोटांचा भाग भाजलेल्या कौलासारखा टणक, विटेच्या रंगाचा. खाली जावं तसा मऊ, नखानं उकरता येणारा. मी चिमूटभर ओला करून बोटात चोळला, साबणासारखा बुळबुळीत लागला. खालचा लाव्हा थंड होऊन उघड्यावर पडला, पाऊस-उन्हानं त्याचा वरचा पापुद्रा कुजला, त्यावर कुठूनकुठून उडालेली राख आणि धूळ बसली, आणि मग एक दिवस नवा लाव्हा त्यावरून वाहिला आणि वरचा भाग भाजून निघाला. दीड फूट तांबडं म्हणजे दोन उद्रेकांमधला विसावा.

मिस्त्रींचं मत वेगळं होतं. "मॅडम, हे तांबडं लागलं की आमच्या पोटात गोळा येतो. फोडायला सोपं, पण पावसाळ्यात हेच ढासळतं. मग वरचा पाषाण अधांतरी. ह्याला बांधून घ्यावंच लागतं."

कुठलं आधीचं, असं मी विचारल्यावर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. निकोलस स्टेनोनं १६६९ मध्ये युरोपात हा नियम लिहून ठेवला, आणि आजही भूशास्त्राच्या पहिल्या तासाला तोच शिकवतात. ह्या नियमाला वयाचा आकडा लागत नाही. आकडा नसतानाही विहिरीतल्या घटनांचा क्रम आमच्या हातात होता: खालचा लाव्हा, तांबडा थर, वरचा लाव्हा, मुरूम, माती, चुनखडी. नळ्यांमधली पांढरी खनिजं वरच्या लाव्हानंतरची, कारण नळी असल्याशिवाय ती भरणार कशी? एकोणिसाव्या शतकात थरांचे आणि जीवाश्मांचे अवाढव्य कोष्टक असंच, जवळपास आकड्यांविना तयार झालं. क्रेटेशियस, ज्युरासिक ही कालखंडांची नावं तेव्हाची. वर्षं नंतर भरली गेली.

कार्बन इथं का चालत नाही

मुलीचा मामा पुण्याहून आला होता. इंजिनिअर, आणि कागदावर पैसे त्याचेच गेलेले, त्यामुळं त्याला हे नीट कळून घ्यायचं होतं. विहिरीच्या काठावर, बाभळीखाली बसून आम्ही हिशेब केला.

वरच्या वातावरणात वैश्विक किरणांमुळं नायट्रोजनपासून कार्बन-१४, म्हणजे कार्बनची एक किरणोत्सारी, आपोआप मोडत जाणारी जात, सतत तयार होत असतो. झाडं तो हवेतून घेतात, झाडांकडून तो सगळ्या जिवांत जातो. जीव मेला की नवा कार्बन यायचं थांबतं आणि असलेला घटू लागतो: दर ५,७३० वर्षांनी निम्मा. विलर्ड लिबीनं १९४० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली, १९६० मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात निघालेल्या जळक्या धान्यासाठी आणि कोळशासाठी ही पद्धत सोन्यासारखी. पण साधारण ५०,००० वर्षांनंतर मूळ कार्बन-१४ चा चारशेवा हिस्साही उरत नाही, आणि मोजणं अवघड होत जातं.

साडेसहा कोटी वर्षांत ५,७३० चे किती तुकडे पडतात? अकरा हजारांहून जास्त. मामानं मोबाइलवर भागाकार केला आणि मग मी त्याला दुसरा हिशेब सांगितला. पृथ्वीएवढा गोळा निव्वळ कार्बन-१४ चा बनवला आणि तो १७० वेळा निम्मा होऊ दिला, तर शेवटी एखादा अणू उरायचीसुद्धा मारामार. १७० वेळा म्हणजे दहा लाख वर्षांच्याही आत. शिवाय लाव्हा काही जिवंत नव्हता; हवेतला कार्बन खाऊन तो वाढलेला नाही. त्यामुळं त्याच्यासाठी हे घड्याळ कधी सुरूच झालं नाही.

चुनखडीचं वेगळं. मातीतल्या मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास पावसाच्या पाण्यात विरघळतो, त्यातून भेगांमध्ये चुना साठतो, आणि त्या चुन्यात त्या काळच्या हवेतला कार्बन अडकतो. लॅबनं मोजलं ते हे. आणि चुनखडी एका दिवसात बसत नाही, थरावर थर चढत जातो, म्हणून तो आकडा त्या सगळ्या काळाचा मिळून आलेला सरासरी आकडा. सोलापूरच्या मातीच्या इतिहासासाठी तो उपयोगाचाच आहे. मामाचे पैसे वाया गेले असं मी मानत नाही. त्यानं चुनखडीचं वय विकत घेतलं, एवढंच.

काळ्या पाषाणाचं घड्याळ

मग पाषाणाला कुठलं घड्याळ? ह्यासाठी मी घटिकापात्राचा दाखला दिला. लग्नात पूर्वी मुहूर्ताची वेळ मोजायला घंगाळात पाणी घेऊन त्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक घटिका, चोवीस मिनिटं झाली. ह्या घड्याळाला तीन गोष्टी लागतात: सोडताना वाटी रिकामी असली पाहिजे, भोक तेवढंच राहिलं पाहिजे, आणि मधे कुणी वाटीत पाणी ओतता किंवा उपसता कामा नये. दगडांच्या सगळ्या घड्याळांच्या अटी ह्याच.

बेसॉल्टमध्ये थोडं पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियममध्ये अगदी नगण्य प्रमाणात, दहा हजारांत साधारण एक, पोटॅशियम-४० असतं. ते किरणोत्सारी आहे. निम्मं व्हायला त्याला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. त्यातला बराचसा भाग कॅल्शियम बनतो, आणि शंभरात सुमारे अकरा अणू आर्गॉन-४० बनतात. आर्गॉन हा वायू. कुणाशी संयोग न पावणारा. लाव्हा तप्त आणि पातळ असतो तोवर आर्गॉन निसटून जातो: वाटी रिकामी. लाव्हा थिजला, स्फटिक बनले, की पुढं तयार होणारा आर्गॉन स्फटिकात कोंडला जातो. म्हणजे हे घड्याळ लाव्हा थिजल्याच्या दिवशी सुरू होतं. आम्हाला हवी ती घटना हीच.

मुलीनं वहीत गणित केलं आणि ते मला फार आवडलं. सुरुवातीला पोटॅशियम-४० चे १,००० अणू धरले, तर ६.६ कोटी वर्षांनी ९६४ शिल्लक. ३६ गेले. त्यातले ३२ कॅल्शियम झाले आणि ४ आर्गॉन. चार! त्या चारांवर सगळी भिस्त. हवेत आर्गॉन जवळपास एक टक्का असतो, तो दगडाच्या भेगांत शिरतो आणि त्या चारांत मिसळतो. दगड कुजला असेल तर चारांतले दोन निसटून गेलेले असतात. दख्खनची जुनी पोटॅशियम-आर्गॉन वयं इतकी विखुरलेली येत होती की काही लोक उद्रेक कोट्यवधी वर्षं चालला असं मानत, त्यामागं हेही कारण होतं.

वाट निघाली ती १९६६ च्या सुमारास आलेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं. दगड अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं त्यातल्या साध्या पोटॅशियमचा काही भाग आर्गॉन-३९ होतो. आता पोटॅशियम वेगळ्या तुकड्यात वेगळ्या यंत्रावर मोजायला नको. त्याच तुकड्यातून निघणाऱ्या वायूत दोन्हींची मोजदाद होते. आणि वायू एकदम काढत नाहीत. तुकडा टप्प्याटप्प्यानं तापवतात. कुजलेल्या कडांचा वायू कमी तापमानाला निघतो आणि भलतीच वयं देतो; आतला घट्ट भाग तापला की एकामागून एक टप्पे सारखंच वय सांगू लागतात. आलेखावर ती सपाट रेघ दिसते. त्याला पठारच म्हणतात. पठार आलं तर वयावर विश्वास, नाही आलं तर दगड बाजूला. आपला दगड बाद करायची सोय ज्या पद्धतीत आहे, ती पद्धत मला जवळची वाटते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशात आणि आपल्याकडं अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत दख्खनच्या दगडांवर हे काम झालं, आणि विखुरलेली वयं ६.६ कोटींच्या आसपास गोळा झाली.

नमुना पाठवायचा का

मामा लगेच म्हणाला, "मग आर्गॉनला पाठवू. खर्च मी करतो."

मी नको म्हटलं, आणि हा ह्या प्रकरणातला माझा मुख्य निर्णय होता. तीस फुटांवर ताजा पाषाण मिळाला असता, ती अडचण नव्हती. अडचण अशी की एवढं सगळं करून उत्तर आलं असतं '६.६ कोटी, काही लाख वर्षं इकडंतिकडं'. दख्खनच्या उद्रेकाचा मुख्य भागच मुळी दहा लाख वर्षांच्या आत उरकला. ज्या पट्टीच्या खुणा काही लाखांच्या आहेत, त्या पट्टीनं आमचा वरचा लाव्हा आधीचा की शेवटचा हे ठरत नाही. माहीत असलेलं पुन्हा विकत घेण्यात अर्थ नव्हता. मामाला हे पटायला वेळ लागला. त्याला आपल्या विहिरीचा, आपल्या नावाचा कागद हवा होता, आणि त्यात गैर काहीच नाही.

लोणारचा दाखला त्याच्या कामी आला. बुलढाणा जिल्ह्यातलं ते विवर ह्याच बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं. आघातानं वितळलेल्या काचेवर तापदीप्तीच्या पद्धतीनं, म्हणजे तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, वय काढलं तेव्हा सुमारे ५२,००० वर्षं आलं, आणि बरीच वर्षं पुस्तकांत तेच होतं. २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉननं आलं सुमारे ५ लाख ७० हजार. दगड तोच, विवर तेच, वयात दसपटीचा फरक. आणि विवराच्या भिंतीतला साधा, न वितळलेला बेसॉल्ट मात्र ६.६ कोटींचाच. आघाताच्या उष्णतेनं ज्या दगडाची वाटी उपसली गेली, त्यानंच आघाताची वेळ सांगितली.

तांबड्यानं काय दिलं

मिस्त्रींना नकोसा असलेला तो तांबडा थर दख्खनच्या कालगणनेत सगळ्यात मोलाचा ठरला आहे. हे त्यांना सांगताना मला खरंच आनंद होत होता.

युरेनियम-शिशाचं घड्याळ झिरकॉन नावाच्या खनिजात चालतं. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही. म्हणजे वाटी रिकामी. शिवाय त्यात एकाच वेळी दोन घड्याळं चालतात: युरेनियम-२३८ सुमारे ४४७ कोटी वर्षांत निम्मं होतं, युरेनियम-२३५ सुमारे ७० कोटींत, आणि दोन्हींपासून वेगवेगळं शिसं बनतं. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर मधे कुणी हात लावलेला नाही. पण बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा बनतच नाही. त्यामुळं दख्खनसाठी हे दार बंद होतं.

ते उघडलं तांबड्या थरांनी. दोन लाव्हांच्या विसाव्यात दुसऱ्या प्रकारच्या ज्वालामुखींची राख उडून आली, त्या मातीत मिसळली, आणि त्या राखेत मिठाच्या कणाहून बारीक झिरकॉन होते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमरावती विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञाला सोबत घेऊन सह्याद्रीच्या घाटांतले असे थर गोळा केले, मणभर मातीतून चिमूटभर झिरकॉन वेचले, आणि २०१५ मध्ये वयं छापली. चूक आता लाखांऐवजी हजारांत मोजता येऊ लागली. मुख्य उद्रेक क्रेटेशियसच्या अखेरीच्या, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला.

२०१९ मध्ये दोन गटांची वयं एका संशोधनपत्रिकेच्या एकाच अंकात छापून आली. प्रिन्स्टनचा गट झिरकॉनवरून म्हणाला, उद्रेक चार लोटांत झाला आणि एक मोठा लोट सीमेच्या ऐन आधी होता. अमेरिकेतल्याच बर्कलीच्या गटात आयआयटी मुंबईही होती; त्यांनी अनेक नमुन्यांच्या बारीक आर्गॉन-मोजणीवरून काढलं की लाव्हा सलग येत राहिला आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश सीमेच्या नंतरचा. सीमेवर मेक्सिकोत चिक्शुलूबला लघुग्रह आदळला, हे दोघांनाही मान्य. डायनोसॉरांच्या अंतात दख्खनचा वाटा किती, हे ह्या हजारो वर्षांच्या मागंपुढं होण्यावर अवलंबून आहे. म्हणून तर तांबड्या थरांसाठी एवढी धडपड. मुलीला मी म्हटलं, तुझी विहीर त्या भांडणाच्या मधोमध आहे.

आणखी एक साक्षीदार त्या दोन बोटांच्या भाजलेल्या भागात आहे. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजं पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेनं लागतात आणि तशीच गोठतात. वीटभट्टीत विटेचंही असंच होतं. तांबड्याचा भाजलेला वरचा भाग वरच्या लाव्हासोबत थंड झाला, म्हणून त्या दोघांची चुंबकीय दिशा सारखी निघायला हवी. ती सारखी निघाली की दिशा अस्सल. दख्खनच्या कितीतरी लाव्हांत ही दिशा आजच्या उलटी आहे. आणि तिचा कल सांगतो की लाव्हा ओतला गेला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. सोलापूर तेव्हा दक्षिण गोलार्धात होतं. हे ऐकून मिस्त्रींनी पहिल्यांदा चहाचा कप खाली ठेवला.

आजोबांचे दोन प्रश्न

आजोबा सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "सहा कोटी वर्षं कुणी बघितलीत? भोक तेवढंच राहिलं कशावरून?"

हा सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि त्याला 'शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून' हे उत्तर चालत नाही. किरणोत्साराचा वेग तापवून, गोठवून, दाबून बघितला आहे. दगडात घडेल अशा कुठल्याही स्थितीत ह्या पद्धतींच्या मूलद्रव्यांवर लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही, कारण हा बदल अणूच्या गाभ्यात होतो आणि उष्णता-दाब त्या गाभ्यापर्यंत पोचत नाहीत. दुसरं असं की, पोटॅशियमचं आणि युरेनियमचं क्षय होणं वेगवेगळ्या तऱ्हेचं. भोक मोठंलहान झालंच असतं तर दोन्ही घड्याळं वेगवेगळी चुकली असती. दख्खनवर दोन्ही ६.६ कोटी म्हणतात. मी आजोबांना विचारलं, वाटणीच्या वेळी शेताची हद्द दोन वेगवेगळ्या गावांच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना न भेटता एकाच बांधावर दाखवली, तर? ते म्हणाले, "मग बांध तोच."

दुसरा प्रश्न व्यवहारातला. "हा काळा दगड संपतो कुठं?"

ह्याचं उत्तर आमच्या भागाला एका वाईट घटनेनं दिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सोलापुरात ती पहाट आठवणारी माणसं घरोघर आहेत, आजोबाही त्यातलेच. नंतर किल्लारीला खोल भोक पाडलं. ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा पाया, अब्जावधी वर्षं जुना. लाव्हा येण्याआधीची जमीन म्हणजे तो आठ मीटरांचा गाळ. कोयनेला तोच बेसॉल्ट ९३० मीटरच्या वर भरला. आपल्याकडंही तो काही परस खोलीवर संपणारा नाही.

आठ मीटर गाळ, आणि त्याच्या वर ६.६ कोटी, खाली अब्जावधी. ह्या दोन आकड्यांमध्ये किती नद्या आल्या आणि गेल्या असतील, त्यांचं एक पानही त्या ठिकाणी उरलेलं नाही. पृथ्वी स्वतः ४५४ कोटी वर्षांची. जवळपास हाच आकडा क्लेअर पॅटरसननं १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून बसवला, कारण पृथ्वीवरचे पहिले दगड पृथ्वीनंच वितळवून टाकले आहेत. मुलीनं वहीच्या पानावर रेघ ओढली, ४५४ मिलिमीटरची, एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी. त्यासाठी तिला दोन पानं जोडावी लागली. तिची विहीर वरच्या टोकापासून साडेसहा मिलिमीटरवर आली.

प्रदर्शनातला तक्ता

डिसेंबरमध्ये शाळेचं प्रदर्शन झालं. तिनं विहिरीचं एक उभं चित्र काढलं आणि प्रत्येक थरासमोर वयाऐवजी आधी घटना लिहिली. चुनखडी: 'भेगेत चुना बसला, काही हजार वर्षं, कार्बनवरून, मामाच्या कागदातून'. काळा पाषाण: 'लाव्हा थिजला, सुमारे ६.६ कोटी, आर्गॉनवरून, दख्खनच्या छापलेल्या वयांतून'. नळ्यांतली पांढरी खनिजं: 'लाव्हानंतर'. तिथं आकडा नव्हता, आणि तो न घालणं तिचं तिनं ठरवलं. तांबडा थर: 'खालच्या लाव्हानंतर, वरच्या लाव्हाआधी'. आणि सगळ्यात वर: 'विहीर, ह्या वर्षीची'.

जूनमध्येच मिस्त्रींनी तांबड्या थराला बांधून घेतलं होतं, ते करावंच लागतं. पण आजोबांनी उत्तरेच्या बाजूला, शिडीजवळ, फूटभर रुंदीची जागा दगडी चौकट बसवून उघडी ठेवली. त्यांनी कारण सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले तेव्हा पाणी चौकटीच्या बरंच खाली होतं. आम्ही एकेक करून शिडीवर उतरलो, कौलासारख्या त्या भाजलेल्या कडेवर प्रत्येकानं बोट फिरवलं, आणि वर आलो तेव्हा सगळ्यांची बोटं तांबडी झालेली होती.